एक वाचणारा, दोघे हँडल फिरवणारे

१९४० च्या दशकाचा उत्तरार्ध. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ट्रॅव्हर्स सिटी या गावी जॉन पार्सन्स यांच्या कारखान्यात हेलिकॉप्टरची पाती बनत. पात्याच्या छेदाचा वक्र ड्रॉइंगवर जेमतेम १७ बिंदूंनी दाखवलेला असे. मधली रेषा फ्रेंच कर्व्ह लावून, नजरेने जुळवून घ्यावी लागे. पार्सन्स यांनी आपले इंजिनिअर फ्रँक स्टुलेन यांना विचारलं, १७ ऐवजी २०० बिंदू काढता येतील का? आणि प्रत्येक बिंदू कटरच्या त्रिज्येएवढा बाहेर सरकवून देता येईल का? स्टुलेन यांनी आयबीएमच्या पंचकार्ड यंत्रावर ते गणित करून दिलं. मग मिलिंग मशीनपाशी माणसं उभी राहिली. एकाने तक्त्यातले आकडे वाचायचे, दुसऱ्याने एक्सचं हँडल फिरवायचं, तिसऱ्याने वायचं.

सीएनसी शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी हे दृश्य डोळ्यांसमोर आणावं असं मला मनापासून वाटतं. जी-कोडची फाइल म्हणजे तो तक्ता. कंट्रोलर म्हणजे आकडे वाचणारा. मोटारी म्हणजे हँडल फिरवणारे दोघे. आता त्यांच्या जोडीला झेडचा तिसराही आला. यातल्या कोणालाही कटरच्या टोकाशी काय चाललंय ते दिसत नाही. ते पाहणारा माणूस वेगळा लागतो.

पार्सन्स यांना १९४९ साली अमेरिकी हवाई दलाचं कंत्राट मिळालं आणि पुढचं काम एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेत गेलं. १९५२ मध्ये तिथे सिनसिनाटी कंपनीच्या हायड्रोटेल मिलिंग मशीनला पंच केलेल्या कागदी फितीवरून चालवून दाखवण्यात आलं. कंट्रोलरची कपाटं जवळजवळ मशीनएवढीच जागा अडवत होती.

त्याच सुमारास दुसरी एक वाट उपलब्ध होती आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. जनरल इलेक्ट्रिकने अशी पद्धत काढली होती की कसलेल्या कारागिराने पहिला जॉब हाताने करायचा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर टिपायच्या आणि पुढचे जॉब मशीनने त्या फितीवरून करायचे. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या पुस्तकात मांडलं की ही वाट मागे पडली त्याचं कारण केवळ तांत्रिक नव्हतं. फितीवर कारागिराचा हात राहिला असता, तर कामाची सूत्रंही त्याच्याच हाती राहिली असती. व्यवस्थापनाला ती ऑफिसात हवी होती. नोबल यांचं सगळंच पटलं पाहिजे असं नाही. विमानाच्या भागांचे काही वक्र कोणत्याही कारागिराला हाताने साधणारे नव्हते, हे खरंच आहे. पण कामाची फाळणी झाली ती आजही भोसरीपासून शिरोलीपर्यंत कोणत्याही शेडमध्ये दिसते. प्रोग्रॅम करणारा वेगळा, सेटर वेगळा, ऑपरेटर वेगळा. जॉब लावायचा, दार बंद करायचं, सायकल स्टार्ट दाबायचं, एवढंच करण्यात ऑपरेटरची वर्षं निघून जातात आणि आतल्या प्रोग्रॅमची एक ओळ कोणी त्याला समजावून सांगत नाही. याची मला फार खंत वाटते.

हौशी माणसाच्या टेबलावर ही फाळणी टिकत नाही. तिथे सगळी कामं एकालाच करावी लागतात, आणि माझ्या मते घरी सीएनसी शिकण्याचं खरं मोल यातच आहे.

हे घरात आलं त्याचं बरंचसं श्रेय ग्रबल या मोफत प्रोग्रॅमला जातं. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी २००९ मध्ये तो लिहिला. अवघ्या ३२ किलोबाइट मेमरीच्या आर्डुइनो बोर्डावर तो बसतो आणि तीन अक्षांच्या मोटारी एकाच वेळी चालवतो. ३०१८ या नावाने मिळणारी छोटी मशीन बहुतेक याच्यावरच चालतात. ३० सेंटिमीटर बाय १८ सेंटिमीटर हे त्यांचं कामाचं क्षेत्र, म्हणून ते नाव. मोटारी आणि ड्रायव्हर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळतात, तर कटर आणि मोजमापाची साधनं मुंबईच्याच नागदेवी स्ट्रीटला.

भाषा अवघड नाही. जी०० म्हणजे न कापता झपाट्याने जा, जी०१ म्हणजे दिलेल्या वेगाने सरळ रेषेत कापत जा, जी०२ आणि जी०३ म्हणजे घड्याळाच्या दिशेने आणि उलट दिशेने चाप काप. एम०३ ने स्पिंडल सुरू होतो, एम०५ ने थांबतो. एफ म्हणजे फीड, मिनिटाला किती मिलिमीटर. एस म्हणजे मिनिटाला किती फेरे. खरी गोम वेगळीच आहे. यातले बरेच हुकूम दुसरा हुकूम येईपर्यंत लागूच राहतात. एकदा जी०१ लिहिलं की पुढच्या ओळींत नुसते आकडे लिहिले तरी चालतात. जी९० असेल तर आकडे शून्यापासून मोजले जातात, जी९१ असेल तर आता जिथे आहोत तिथून. आधीच्या कामातलं जी९१ तसंच राहिलं असेल तर नव्या प्रोग्रॅममधला बिनचूक आकडाही टूल भलतीकडे नेतो. म्हणून जाणती माणसं पहिल्याच ओळीत सगळं नव्याने सांगून टाकतात: जी२१ जी९० जी१७. म्हणजे मोजमाप मिलिमीटरमध्ये, शून्यापासून, एक्स-वायच्या पातळीत.

कारखान्यातल्या मशीनवर गेलात तर आणखी एक सापळा आहे. फानुकच्या अनेक कंट्रोलवर एक्स५० असं दशांशचिन्हाशिवाय लिहिलं तर मशीन ते ५० मायक्रॉन समजतं. ५० मिलिमीटर हवे असतील तर ५० पुढे टिंब द्यावंच लागतं. ग्रबलवर मात्र टिंब नसलं तरी ५० मिलिमीटरच होतात. घरी सवय लावतानाच टिंब द्यावं.

आता एक साधा जॉब घेऊ. लाकडाच्या तुकड्यावर ४० मिलिमीटरचा चौकोन, ३ मिलिमीटरच्या कटरने, बाहेरून. प्रोग्रॅममधले आकडे कटरच्या केंद्राचे असतात, धारेचे नव्हे. म्हणून कटरला प्रत्येक बाजूने दीड मिलिमीटर बाहेरून फिरवावं लागतं. पार्सन्स यांनी स्टुलेन यांच्याकडे मागितलेलं गणित ते हेच. स्पिंडल सुरू करून आधी जी०० झेड५, म्हणजे टूल वर. मग जी०० एक्स-१.५ वाय-१.५. हा क्रम उलटा झाला आणि टूल खाली असलं, तर ते जॉबमधून झपाट्याने ओढलं जाऊन मोडतं. पुढे जी०१ झेड-०.५ एफ६०, सावकाश खाली. मग एक्स४१.५ एफ३००, वाय४१.५, एक्स-१.५, वाय-१.५. पुन्हा जी०० झेड५, एम०५, आणि शेवटी एम३०, म्हणजे प्रोग्रॅम संपला. एवढ्या ओळींत चौकोन झाला. आज कॅम सॉफ्टवेअर हे सगळं क्षणात लिहून देतं आणि अवघड आकारांसाठी ते वापरावंच. तरी पहिले काही जॉब हाताने लिहावेत असा माझा आग्रह आहे. कॅमने दिलेल्या हजारो ओळींत चूक कुठे आहे, हे शोधण्याची नजर दुसऱ्या कशाने येत नाही.

प्रोग्रॅम तयार झाला तरी मशीनला जॉब कुठे आहे ते ठाऊक नसतं. शून्य घ्यावा लागतो. झेडचा शून्य घेण्याची जुनी रीत अजून उत्तम आहे. स्पिंडल बंद ठेवून जॉबवर कागदाची पट्टी ठेवायची, टूल एकेका शतांश मिलिमीटरने खाली आणायचं आणि दुसऱ्या हाताने पट्टी पुढेमागे सरकवत राहायची. पट्टी सुळकन सरकते, सरकते, आणि एका टप्प्यावर बोटाला ओढ लागते. साध्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, तिथे झेड शून्य नव्हे, ०.१ लिहायचं. पहिल्यांदा सगळा प्रोग्रॅम टूल उंच धरून हवेतच चालवावा. डोळ्यांना गॉगल हवाच, आणि फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे कधीही नकोत. कापडाचा धागा अडकला की तो हातालाही ओढून नेतो.

लाकूड आणि ॲक्रिलिक जमलं की ॲल्युमिनियमची ओढ लागते. तिथे वेग अंदाजाने ठरवू नये. कापण्याचा वेग मिनिटाला ९० मीटर धरला, तर ९० ला १००० ने गुणून पाय आणि कटरच्या व्यासाच्या गुणाकाराने भागायचं. ३ मिलिमीटरच्या कटरला सुमारे ९,५५० फेरे येतात. दोन दाते, प्रत्येक दात्याला ०.०१ मिलिमीटर, म्हणजे फीड मिनिटाला सुमारे १९० मिलिमीटर. शिकाऊ माणूस धास्तीने फीड फार कमी ठेवतो आणि बिघडतं ते इथेच. दाता धातू कापण्याऐवजी घासू लागतो, उष्णता चिपबरोबर निघून न जाता टूलमध्ये साठते आणि ॲल्युमिनियम धारेला चिकटून बसतं. कटची खोली कमी ठेवावी, ०.१ ते ०.२ मिलिमीटर, पण फीड चालतं हवं. आवाजाकडे कान हवेत. एकसुरी आवाज असेल तर काम बरं चाललंय. किंचाळल्यासारखा आवाज म्हणजे टूल किंवा जॉब थरथरतोय.

मग व्हर्निअर लावल्यावर चौकोन ४० ऐवजी ४०.१५ भरतो. प्रोग्रॅम तर बरोबर असतो. ३०१८ वर मोटारीच्या फेऱ्याला २०० पावलं, ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो, आणि स्क्रूच्या एका फेऱ्यात ४ मिलिमीटर सरकतं. म्हणजे मिलिमीटरला ८०० पावलं. कागदावर हा हिशेब सव्वा मायक्रॉनपर्यंत जातो. प्रत्यक्षात टूल दाबाने वाकतं आणि स्क्रू-नटमध्ये ढिलाई असते. ती मोजण्यासाठी बेडवर डायल इंडिकेटर बसवून त्याचं टोक स्पिंडलच्या अंगाला टेकवावं. एक्स एकाच दिशेला ०.०१ ने सरकवत न्यावा, काटा नीट चालू लागला की दिशा उलटी करावी. आता हुकूम जातो, मोटार फिरते, पण काटा हलत नाही. तो हलेपर्यंत जेवढे शतांश गेले तेवढा बॅकलॅश. लिनक्ससीएनसी या दुसऱ्या मोफत कंट्रोल प्रोग्रॅममध्ये हा आकडा भरून त्याची भरपाई करता येते. ग्रबलमध्ये ती सोय नाही. तिथे स्प्रिंगचा अँटी-बॅकलॅश नट बसवावा, टूल नेहमी एकाच बाजूने मापावर आणावं, आणि बाहेरचा घेर घड्याळाच्या उलट दिशेने कापावा, कारण दुसऱ्या दिशेने कटर जॉबला आपल्याकडे ओढतो आणि ढिलाईएवढी उडी घेतो. चौकोनाच्या ओळी वर त्याच दिशेने लिहिल्या आहेत. पहिला फेरा ०.२ मिलिमीटर जागा राखून घ्यावा, मोजावं, आणि उरलेलं दुसऱ्या फेऱ्यात काढावं.