एकटा रेमो, अख्खा बँड

१९८४ साली गोव्यातल्या शिवोली गावी रेमो फर्नांडिस यांनी घरात बसून ‘गोअन क्रेझी’ हा आल्बम केला. गाणी त्यांचीच, चालीही त्यांच्याच. वाद्यं त्यांनीच वाजवली, गायलेही तेच, आणि मागून साथ देणारे आवाजसुद्धा त्यांचेच. कॅसेट तयार झाल्यावर पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी त्या पोचवायलाही हेच गृहस्थ! आणि हे सगळं ध्वनिमुद्रित झालं ते चार ट्रॅकच्या एका कॅसेट रेकॉर्डरवर.

नागपुरात सीताबर्डीवर ज्यांनी कधी कॅसेट भरून घेतल्या असतील, त्यांना ती तपकिरी फीत आठवेल. रुंदी जेमतेम ३.८१ मिलिमीटर. तेवढ्यात शेजारी शेजारी चार पट्ट्या, म्हणजेच ट्रॅक: दोन ‘ए’ बाजूच्या, दोन ‘बी’ बाजूच्या. टीअॅक कंपनीने १९७९ मध्ये ‘पोर्टास्टुडिओ’ आणला, त्यात या चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरल्या. शिवाय फीत दुप्पट वेगाने पळवली, सेकंदाला साधारण साडेनऊ सेंटिमीटर. आवाज सुधारला, पण ६० मिनिटांची कॅसेट १५ मिनिटांत संपू लागली.

आता चार पट्ट्यांवर अख्खा बँड मावतो कसा? पहिल्या पट्टीवर ताल भरायचा. तो हेडफोनमध्ये ऐकत दुसरीवर गिटार, तिसरीवर बेस. मग हे तिन्ही एकत्र करून चौथीवर उतरवायचं. पहिल्या तीन पट्ट्या पुन्हा मोकळ्या! त्यांवर बासरी घ्या, गाणं म्हणा, साथीचे आवाज चढवा. पण त्या जुन्या तीन पट्ट्यांवर नवं काही भरलं, की परतीची वाट बंद. बेस थोडा कमी हवा होता असं नंतर वाटून उपयोग नाही. शिवाय प्रत्येक उतरवणीत फितीची सरसर वाढत जाते. म्हणजे पहिला ठोका वाजवण्याआधीच संपूर्ण गाणं, शेवटच्या सुरापर्यंत, डोक्यात ऐकू यायला हवं. मला खरं थक्क करतं ते हे.

तिकडे अमेरिकेत रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी याच पोर्टास्टुडिओवर घरी काही कच्ची गाणी भरली. त्यांचा १९८० चा ‘द रिव्हर’ हा आल्बम विक्रीत अव्वल ठरला होता. बँडला घेऊन तीच गाणी पुन्हा करून पाहिली, पण ती जमेनात. शेवटी घरचीच कॅसेट ‘नेब्रास्का’ म्हणून १९८२ मध्ये बाहेर आली. आधीचा आल्बम गाजल्यावर असं करायला छाती लागते.

रेमो यांची छाती दिसली ती विषयात. ‘गोअन क्रेझी’ गोव्यात गाजला, मध्ये ‘ओल्ड गोअन गोल्ड’ येऊन गेला, आणि १९८६ मध्ये आला ‘पॅक दॅट स्मॅक’. स्मॅक म्हणजे गर्द हा अमली पदार्थ. लोक आपलं ऐकतायत हे कळल्यावर त्यांनी शीर्षकगीतच त्या विषाविरुद्ध केलं. याच वर्षी पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. गर्दने पोरं गिळायला सुरुवात केली होती, ते दिवस होते हे. समुद्रकिनाऱ्यावरच्या पॉप गायकाने त्यात आपला सूर मिसळावा, याचं मोल मला फार वाटतं.

दोन्ही आल्बम ओळीने ऐका, आधी ‘गोअन क्रेझी’, मग ‘पॅक दॅट स्मॅक’. आणि हेडफोन लावूनच ऐका.