रोटाव्हेटरचा पी. टी. ओ. शाफ्ट : लांबी व कोन

रोटाव्हेटर आता बहुतेक गावांतून दिसतो. एकच यंत्र भाड्याने अथवा भावकीत दोन-तीन ट्रॅक्टरांना जोडले जाते. परंतु पी. टी. ओ. आणि यंत्राची गिअरपेटी यांमधील अंतर प्रत्येक ट्रॅक्टरला सारखे नसते. शाफ्ट मात्र तोच वापरला जातो. परिणामी क्रॉस तुटतो, बेअरिंग फुटते, गिअरपेटीतून तेल गळू लागते, आणि दोष यंत्राच्या माथी येतो. वस्तुतः यातील बरेचसे नुकसान शाफ्ट नीट न बसविल्यामुळे होते.

शाफ्टची रचना

शाफ्टच्या दोन्ही टोकांस एकेक क्रॉस-जोड असतो व मध्ये एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या असतात. जोडामुळे शाफ्ट तिरपा असूनही फिरतो; नळ्यांमुळे त्याची लांबी यंत्राच्या उंचीप्रमाणे कमीअधिक होते.

कोन कमी का असावा?

तिरप्या जोडातून गती एकसारखी पुढे जात नाही. पी. टी. ओ. मिनिटास ५४० फेरे करीत असता जोडाचा कोन १० अंश असेल, तर पुढील नळीची गती ५३२ ते ५४८ यांच्या दरम्यान हेलकावते. कोन ३० अंश झाला, की हाच फरक ४६८ ते ६२४ इतका वाढतो, आणि प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा घडतो. या हिसक्यांनी क्रॉस झिजतो. जुन्या जीपला जादा पाटे घालून ती उंच केली असता तिच्या शाफ्टलाही हाच विकार जडतो.

दुसरा जोड हा हेलकावा नाहीसा करतो. मात्र त्यास दोन अटी आहेत. दोन्ही जोडांचे कोन सारखे असावेत, म्हणजेच पी. टी. ओ. व गिअरपेटीचा दांडा एकमेकांस समांतर असावेत. हे वरची लिंक कमीअधिक करून साधते. दुसरे असे की, मधल्या नळ्यांच्या दोन्ही टोकांचे चिमटे एकाच पातळीत यावेत. चौकोनी नळी चुकून ९० अंश फिरवून बसविली, तर हेलकावे मिटण्याऐवजी दुप्पट होतात. अटी पाळल्या तरी मधली नळी हेलकावतच राहते; म्हणून काम करताना कोन शक्यतो १५ अंशांच्या आत ठेवावा.

लांबी कशी ठरवावी?

१. शाफ्टचे दोन भाग वेगळे करून एक ट्रॅक्टरला व दुसरा यंत्राला जोडावा. पी. टी. ओ. बंद ठेवून यंत्र सावकाश वर-खाली करावे व दोन्ही टोकांतील अंतर सर्वांत कमी कोठे येते ते पाहावे. बहुधा दोन्ही टोके समोरासमोर एका रेषेत आली असता ते सर्वांत कमी असते.

२. त्या उंचीवर यंत्राखाली भक्कम ठोकळे द्यावेत, इंजिन बंद करावे व चावी काढून घ्यावी. मग दोन्ही भाग शेजारी शेजारी धरून खूण करावी. शाफ्ट पूर्ण मिटला असताही प्रत्येक टोकाशी निदान २५ मि.मी. मोकळीक राहिली पाहिजे.

३. लांबी अधिक असल्यास आतील व बाहेरील नळी सारखीच कापावी. गार्डही तेवढाच कापावा. कडा कानशीने साफ करून, कीस पुसून ग्रीस लावावे.

४. अंतर सर्वांत जास्त असताना नळ्या निदान एक-तृतीयांश लांबीने एकमेकींत राहिल्या पाहिजेत. त्या तितक्या राहत नसतील, तर शाफ्ट आखूड आहे असे समजावे. तुकडा वेल्डिंग करून लांबी वाढवू नये. योग्य मापाचा शाफ्टच घ्यावा.

काम करताना

बांधाशी वळताना यंत्र फार उचलावयाचे असल्यास प्रथम पी. टी. ओ. बंद करावा. क्रॉसला दर आठ तासांनी ग्रीस द्यावे. शिअर बोल्ट तुटल्यास त्याच प्रतीचा बोल्ट घालावा. अधिक कठीण बोल्ट घातल्यास तो वाचतो व गिअरपेटी तुटते.

गार्डविषयी विशेष सूचना

५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९ फेरे होत. पाच सेंटिमीटर जाडीचा उघडा शाफ्ट एका सेकंदात सुमारे १.४ मीटर कापड गुंडाळतो. धोतराचा सोगा, उपरणे अथवा साडीचा पदर त्यात सापडला, तर माणसाचा हात दांडीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच तो ओढला जातो. यास्तव ग्रीस देण्यासाठी काढलेला गार्ड लगेच परत बसवावा व त्याची साखळी अडकवावी. फुटका गार्ड त्वरित बदलावा. शाफ्ट फिरत असता तो कोणीही ओलांडू नये, मुलांना जवळ येऊ देऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मशागतीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील प्रत्येक रोटाव्हेटरचा शाफ्ट ज्या ज्या ट्रॅक्टरला लागतो, त्या प्रत्येकावर तपासून घ्यावा. या कामास अर्धा तास पुरतो. त्याने गिअरपेटीचा खर्च वाचतो, आणि क्वचित माणसाचा जीवही.