सत्तेचाळिसाव्या अंशावरची द्राक्षं

२०१८ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात वाइनची एक बाटली ५,५८,००० डॉलरना गेली. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या रोमाने-काँती या मळ्याची, १९४५ सालची लाल वाइन. मळा केवढा? १.८ हेक्टर, म्हणजे साडेचार एकरांच्या आतबाहेर. तासगावकडे एवढी बाग असणारे शेतकरी गावोगाव सापडतील. त्या वर्षी तिथं जेमतेम सहाशे बाटल्या निघाल्या होत्या.

किमतीचं एक वेळ सोडून देऊ. श्रीमंतांची चढाओढ लागली की आकड्यांना अर्थ उरत नाही. मला नवल वाटतं ते जागेचं. लाल वाइन म्हटली की ऊन, उष्णता, रसरशीत द्राक्षं डोळ्यांपुढे येतात. आणि जिला जाणकार सर्वांत तलम, सर्वांत सुगंधी मानतात ती लाल वाइन येते कुठून, तर जिथं द्राक्षं नीट पिकतील की नाही याचा शेतकऱ्याला शेकडो वर्षं घोर लागलेला असायचा, अशा ठिकाणाहून.

बर्गंडीतला हा नामांकित पट्टा, कोत दॉर, ४७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. नकाशावर त्याच रेषेवरून बोट पूर्वेला सरकवत न्या, मंगोलियात उलानबातरच्या जरासं खालून जाईल. पश्चिमेला न्या, कॅनडातल्या क्वेबेक शहराला लागेल. उलानबातरला जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांच्या आसपास असतो, तिथं वाइनची द्राक्षवेल उभीच मरते. बर्गंडीत ती जगते याचं श्रेय अटलांटिक महासागराला. पश्चिमेकडून येणारे वारे समुद्राची ऊब घेऊन येतात आणि हिवाळ्याची धार बोथट करतात. तेव्हा अक्षांश एकट्यानं काही करत नाही. समुद्र, डोंगर आणि वारा यांच्याशी त्याचं कसं जमतं, त्यावर सगळं अवलंबून.

मग अक्षांश देतो काय? उजेड. भरपूर उजेड, पण बेताच्या उष्णतेसोबत. नाशिक २० अंशांवर आहे. तिथं वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या जरा वर जातो. बर्गंडीत त्याच दिवशी सूर्य जवळजवळ सोळा तास आकाशात असतो. २१ जूनच्या आसपास वातावरणाच्या माथ्यावर दिवसभरात पडणाऱ्या सूर्यप्रकाशाची बेरीज केली, तर ती नाशिकपेक्षा बर्गंडीवर जास्त भरते! सूर्य तिथं डोक्यावर येत नाही, तिरपाच राहतो, पण मावळायचं नाव घेत नाही. आणि जुलैतलं सरासरी तापमान मात्र विशीच्या आसपास. पानांना अन्न तयार करायला प्रकाश हवा, पंचवीस ते तीस अंशांची ऊब हवी. पारा पस्तिशीपलीकडे गेला की पानांची छिद्रं मिटू लागतात आणि काम मंदावतं. उत्तरेकडच्या पानांवर ही वेळ क्वचितच यायची. ती संध्याकाळी नवापर्यंत कामाला असतात.

आता द्राक्षाच्या मण्यात काय चालतं ते पाहू, कारण सगळी जादू तिथंच आहे. मणी पिकतो म्हणजे एकच गोष्ट होते असं आपल्याला वाटतं. खरं तर दोन वेगळी कामं चालू असतात. पानांकडून आलेली साखर गरात साठत जाते, हे एक. दुसरं काम सालीत आणि बियांत चालतं: रंग भरतो, वास तयार होतो, तोंड आवळणारा तुरटपणा मवाळ होतो. एका जुवाला जुंपलेले हे दोन बैल. कडक उन्हाच्या प्रदेशात साखरेचा बैल उधळतो, गंधाचा मागे राहतो. शेतकरी साखर पाहून द्राक्षं तोडतो, तर वास कच्चा. वासासाठी थांबतो, तर साखर इतकी वाढते की वाइन मद्यार्कानं जड होते. लिटरभर रसातल्या दर १७ ग्रॅम साखरेमागे साधारण एक टक्का मद्यार्क होतो, म्हणजे आठवडाभराच्या उशिरानंही चव पालटते. थंड प्रदेशात दोन्ही बैल बरोबरीनं, सावकाश चालतात.

शिवाय आम्लाचा हिशोब आहे. द्राक्षात मुख्यतः दोन आम्लं असतात. एक टार्टारिक, जे चिंचेतही असतं. दुसरं मॅलिक, हिरव्या सफरचंदातलं. टार्टारिक टिकाऊ आहे. मॅलिक मात्र मणी श्वसनासाठी जाळून टाकतो, आणि गरमी जितकी जास्त तितकं हे जळणं जोरात. उबदार रात्री तर ते थांबतच नाही. थंड रात्री मणी जणू श्वास रोखून धरतो आणि आम्ल शिल्लक राहतं. लाल वाइनच्या घोटात जो ताजेपणा असतो, दुसरा घोट घ्यावासा वाटायला लावणारा, तो या शिल्लक आम्लाचा. माझ्या मते थंड प्रदेशाच्या वाइनचं मोठेपण अर्धंअधिक इथंच आहे, पण सगळे कौतुक करतात ते रंगाचं आणि दाटपणाचं.

बर्गंडीचं द्राक्ष पिनो न्वार. रंगाच्या बाबतीत ते गरीबच. रंग घट्ट धरून ठेवणाऱ्या रंगद्रव्यांचा एक गट या द्राक्षात नसतो, म्हणून त्याची वाइन ग्लासात धरली तर पलीकडचं छापील पान वाचता येईल इतकी पारदर्शक दिसते. साल पातळ, कळ्या लवकर फुटणाऱ्या, स्वभाव हट्टी. कळी फुटल्यापासून तोडणीपर्यंतच्या हंगामाचं सरासरी तापमान साधारण १४ ते १६ अंश असेल तर हे द्राक्ष खुलतं. त्यापेक्षा थंड झालं तर आंबट नि हडकुळं, गरम झालं तर मुरंबट. काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाला याहून बरीच मोठी मुभा असते. दोन अंशांच्या या फटीत पिनो न्वार आपला सगळा सुगंध सांभाळून आहे.

थंडीची करामत सिराहमध्ये, म्हणजे आपण शिराझ म्हणतो त्या द्राक्षातही दिसते. थंड जागच्या सिराहला काळ्या मिरीचा स्पष्ट वास येतो. त्यामागचं रसायन, रोटंडोन, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये उलगडलं. आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या मिरीचा वासही त्याच रेणूचा! गरम मळ्यांत तो कमी तयार होतो, गार मळ्यांत जास्त. आणि गंमत अशी की त्या संशोधकांनी घेतलेल्या चाचणीत पाचातल्या एकाला हा वास येतच नव्हता. एकाच टेबलावर एकाला ती वाइन मिरमिरीत वाटेल आणि शेजाऱ्याला साधी, आणि दोघंही खरंच बोलत असतील.

उष्णतेची अशी ओढाताण असली की जमिनीचा जरासा उतारही मोलाचा ठरतो. सप्टेंबरअखेरीस ४७ अंशांवर दुपारचा सूर्य क्षितिजापासून फक्त ४३ अंशांच्या आसपास चढतो. सपाट शेतावर ऊन तिरपं पसरतं. पूर्वेला-आग्नेयेला कललेल्या उतारावर तेच ऊन अधिक सरळ पडतं. रात्रभर गारठलेल्या घडांना सकाळचं पहिलं ऊन मिळतं, पश्चिमेकडचा पाऊस डोंगर अडवतो. थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून खाली ओघळून मैदानात साचते, म्हणून वसंतातल्या दहिवराचा तडाखा खालच्या शेतांना जास्त. माथ्यावर माती पातळ आणि वारा बोचरा. सर्वोत्तम मळे मधल्या पट्ट्यात, हे ओघानंच आलं. तिथून काही शे पावलं खाली, रस्त्यापलीकडे गेलं की द्राक्ष तेच, शेतकरी कदाचित तोच, वाइन साधी. २०१५ मध्ये युनेस्कोनं या तुकड्या-तुकड्यांच्या भूभागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

हे तुकडे पारखले कुणी? थर्मामीटर येण्याआधी, जिभेनं आणि चिकाटीनं. १०९८ मध्ये सीतो इथं मठ स्थापन झाला आणि तिथल्या साधूंनी पुढची शतकानुशतकं एकेका शेताची वाइन सांभाळून पाहिली. क्लो द वूजो या मळ्याभोवती त्यांनी बांधलेली भिंत आजही उभी आहे. १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप यानं जास्त उतारा देणारं गामे हे द्राक्ष उपटून टाकायचं फर्मान काढलं आणि पिनोचा रस्ता मोकळा केला. राजाज्ञेनं पीक ठरवणं मला एरवी पटत नाही. पण या एका बाबतीत ड्यूकची जीभ बरोबर होती.

पिकलीच नाहीत द्राक्षं, तर? त्याचीही सोय केली गेली. नेपोलियनचा मंत्री राहिलेला रसायनशास्त्रज्ञ शाप्ताल यानं १८०१ मध्ये कच्च्या द्राक्षरसात साखर घालण्याचं शास्त्र मांडलं. बर्गंडीत गार वर्षी ते सर्रास चालायचं, आजही मर्यादेत चालतं. जगभर गाजणाऱ्या वाइनमध्ये दुकानातली साखर! ऐकून नाक मुरडणारे असतील, पण यातून एक गोष्ट लख्ख दिसते. साखर पोत्यातून आणता येते. सालीतला गंध बाहेरून आणता येत नाही, त्याला लांबलेले दिवस आणि गार रात्रीच लागतात.

नाशिकची कहाणी याच्या नेमकी उलट, आणि तितकीच अजब. विषुववृत्ताकडच्या या हवेत वेल हिवाळ्यात झोपतच नाही, म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा कात्री लावतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. तोडणी साधारण जानेवारीअखेरीपासून मार्चपर्यंत. म्हणजे आपण हिवाळ्यालाच वाइनचा हंगाम बनवलं. पण एक फरक उरतोच. बर्गंडीत मण्यांना रंग चढतो ऑगस्टच्या सुरुवातीला, आणि तिथून तोडणीपर्यंत दिवस अडीच तासांनी आखडतो, रात्री गार होत जातात. द्राक्ष थंडीकडे चालत पिकतं. नाशिकला दिवस वाढत असतात, फेब्रुवारी उलटला की उन्हाळा दारात. द्राक्ष उन्हाकडे चालत पिकतं. म्हणून आपल्या वाइनमेकरची सगळी धांदल आम्ल उडून जायच्या आत तोडणी उरकण्याची. नाशिकची शिराझ या हवेच्या हिशोबानं चाखावी. बर्गंडीशी तुलना करून नावं ठेवणं हा अन्याय आहे.

तुलना करायचीच तर ओरेगॉनची. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ४५ अंशांवर असलेल्या या राज्यात डेव्हिड लेट नावाच्या तरुणानं १९६०च्या दशकात पिनो न्वार लावलं. इथं फार गारवा आहे, द्राक्ष पिकणार नाही, असं जाणत्यांनी त्याला बजावलं होतं. त्याची १९७५ ची वाइन १९७९ मध्ये पॅरिसच्या स्पर्धेत पहिल्या दहांत आली. बर्गंडीचे नामांकित व्यापारी रोबेर द्रुएँ यांना ते काही पटेना. त्यांनी पुढच्याच वर्षी आपल्या गावात, बोनमध्ये, पुन्हा चाखणी ठेवली. लेटची वाइन दुसरी आली, द्रुएँच्या स्वतःच्या १९५९ च्या वाइनच्या अगदी किंचित मागे. १९८७ मध्ये द्रुएँ घराण्यानं ओरेगॉनमध्येच जमीन घेतली. आणि हो, लिलावातली ती १९४५ ची बाटलीही याच द्रुएँ यांच्या तळघरातली.

एवढ्या अरुंद फटीवर उभं असलेलं पीक हवामानाची वही आपोआप लिहीत जातं. बोनमध्ये तोडणी कधी सुरू झाली याच्या नोंदी १३५४ पासून जुळवता आल्या आहेत. मुघल सत्ता भारतात यायच्या पावणेदोनशे वर्षं आधीपासून. या नोंदींच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १३५४ ते १९८७ या काळात तोडणी सरासरी २८ सप्टेंबरला सुरू होत असे. १९८८ पासून ती १३ दिवसांनी अलीकडे आली. शेतकऱ्यांची जुनी चिंता, पिकेल का, आता बरीच मागे पडली आहे. तिच्या जागी दोन नव्या. एक, ऑगस्टच्या उन्हात साखर पळत सुटते. दुसरी, उबदार मार्चला भुलून कळ्या लवकर फुटतात आणि एप्रिलच्या दहिवरात होरपळतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सभरच्या मळ्यांतून शेतकऱ्यांनी रात्र-रात्र मेणबत्त्या पेटवून वेली शेकल्या, तरी बरंच पीक गेलं.

थंड प्रदेशाची लाल वाइन कधी हाती आली तर एवढं करा. लाल वाइन घरातल्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या गार घरांसाठी होता. आपल्याकडच्या तीस अंशांत मद्यार्क पुढे येतो आणि गंध विरून जातो. बाटली उघडण्यापूर्वी दीड-दोन तास फ्रीजमध्ये ठेवा. पंधरा-सोळा अंशांवर पिनो न्वार बोलू लागते.