फाट्याचा नकाशा आणि वळणाची सूचना

बीड जिल्ह्यात वाट सांगताना गावाच्या नावाआधी फाट्याचे नाव येते. धुळे–सोलापूर महामार्गाला मांजरसुंबा येथे पाटोदा व केजकडील रस्ते मिळतात. गढीहून माजलगावची वाट फुटते. असे फाटे ठाऊक असणारा माणूस सहसा चुकत नाही. अलीकडे मात्र वाट सांगण्याचे हे काम मोबाईलवरील नकाशाकडे आले आहे. रुग्णवाहिकेचा चालक, परजिल्ह्यातून बदलून आलेला शिक्षक किंवा रात्री ऊसतोड मजुरांना घेऊन निघालेला वाहनचालक यांना ‘डावीकडे वळा’ ही सूचना मिळते. ती कशी तयार होते, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

रेषा आणि बिंदू

यंत्राला रस्ता दिसत नाही. त्याच्यापुढे असतात केवळ रेषा आणि बिंदू. रस्ता म्हणजे रेषा आणि दोन रस्ते मिळतात ते ठिकाण म्हणजे बिंदू. अशा जाळ्यातून सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची एक मूलभूत रीत डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. मार्ग ठरल्यावर प्रत्येक बिंदूपाशी येणारी रेषा व जाणारी रेषा यांतील कोन मोजला जातो. कोनाबरोबरच रस्त्याचे नाव, क्रमांक, दर्जा आणि वळणबंदी यांचाही विचार होतो आणि त्यावरून ‘सरळ’, ‘डावीकडे’ किंवा ‘उजवीकडे’ असे शब्द ठरतात.

चूक कोठे होते?

दोन रेषा कागदावर एकमेकींना छेदतात, पण त्यांचा सामाईक बिंदू नोंदलेला नसेल, तर यंत्राच्या दृष्टीने तेथे वळताच येत नाही. ते वाहनास दूरचा वळसा सुचविते. याउलट उड्डाणपुलाखालून जाणारा रस्ता वरच्या रस्त्याला जोडलेला दाखविला, तर नसलेले वळण सांगितले जाते. चौपदरी महामार्गाच्या दोन्ही बाजू नकाशात स्वतंत्र रेषा असतात. दुभाजकातील वाट नोंदलेली नसेल, तर समोर दिसणारे गावही यंत्रास कित्येक किलोमीटर दूर भासते. फाटा तिरका असेल आणि कोन लहान असेल, तर यंत्र त्या वळणाला ‘सरळ’ समजून गप्प राहण्याचा संभव असतो.

राष्ट्रीय महामार्गांना २०१० मध्ये नवे क्रमांक मिळाले, तेव्हा २११ चा ५२ झाला आणि २२२ चा ६१. पाथर्डीकडून येणारा महामार्ग ६१ पाडळशिंगी येथे महामार्ग ५२ ला मिळतो, काही अंतर त्याच्याबरोबर जातो आणि गढी येथे वेगळा होऊन माजलगावकडे वळतो. क्रमांक एकच, परंतु वळणे दोन. क्रमांक तोच राहिला म्हणून रस्ता सरळच गेला, असे मानणारी सूचना येथे अपुरी पडेल. म्हणून एकत्रित भागावर दोन्ही क्रमांकांची नोंद आणि फाट्याचा नेमका आकार या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात.

गावाचा वाटा

२००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशात नोंदणी केलेला कोणीही दुरुस्ती करू शकतो. इतर प्रमुख नकाशांतही चूक कळविण्याची सोय असते. नवा जोडरस्ता, पूल किंवा दुभाजकातील वाट तयार झाली, की ग्रामपंचायतीने तेथील वळणे प्रत्यक्ष पाहून नोंदवावीत. भूगोलाच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावच्या फाट्याचा आराखडा काढून घेतला, तर पाठही होईल आणि नकाशाची पडताळणीही. लोकांच्या तोंडी असलेले फाट्याचे नाव त्या बिंदूवर आवर्जून लिहावे. अनोळखी चालकाला ‘दोनशे मीटरवर वळा’ यापेक्षा त्या नावाचा आधार अधिक वाटतो. दुरुस्ती मात्र जागेवर खात्री करूनच व्हावी, कारण चुकीची नोंदही बरोबर नोंदीइतक्याच वेगाने सर्वत्र पोहोचते.

प्रसूतीसाठी निघालेल्या मातेच्या दृष्टीने चुकलेले एक वळण म्हणजे हातची गेलेली मोलाची मिनिटे होत. रस्ता बांधून पूर्ण झाला, तरी त्याचा फाटा नकाशात बरोबर उमटेपर्यंत परक्या चालकासाठी तो अपुराच राहतो.