पुण्याच्या फुटबॉल संघाचा एक हंगाम

सायंकाळीं शाळेच्या मैदानावर खेळून घामाघूम झालेल्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें, "सर, मुंबईचा संघ आहे, गोव्याचा आहे, मग आपल्या पुण्याचाच कां नाहीं?" पुण्याचाही संघ होता, व एके वर्षीं तो देशांतील पहिल्या चारांत बसला होता, हें त्यास ठाऊक नव्हतें. घंटा झाल्यामुळें त्या दिवशीं उत्तर अर्धेंच राहिलें. तें येथें पुरें करितों.

इंडियन सुपर लीग ही धंदेवाईक संघांची स्पर्धा सन २०१४ मध्यें आठ संघांनिशीं सुरू झाली. त्या आठांत 'एफ. सी. पुणे सिटी' हा एक होता. त्याचें घरचें मैदान म्हणजे बालेवाडीची शिवछत्रपति क्रीडानगरी. ती १९९४ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं उभारली गेली. बारामतीहून ही वाट सुमारें शंभर किलोमीटरांची, इंदापुराहून त्याहूनही लांब. त्यांत सबंध पुणें शहर ओलांडून पलीकडे जावें लागतें. म्हणजे रात्रीचा सामना पाहून परतणाऱ्यास घरीं पोंचेपर्यंत कोंबडा आरवावयाचा. पहिल्या तीन हंगामांत हा संघ पहिल्या चारांत एकदांही आला नाहीं.

चौथा हंगाम २०१७-१८ चा. बंगळूर व जमशेदपूर हे नवे संघ आल्यामुळें संख्या दहा झाली. प्रत्येकानें प्रत्येकाशीं दोनदां खेळावयाचें, एकदां आपल्या घरीं व एकदां त्याच्या घरीं. असे १८ सामने. जिंकल्यास ३ गुण, बरोबरी झाल्यास १, हरल्यास कांहीं नाहीं. आणि शेवटीं पहिल्या चौघांस उपांत्य फेरी. पूर्वीं ही स्पर्धा जत्रेसारखी थोडक्यांत आटोपे, आतां ती नोव्हेंबरापासून मार्चापर्यंत चालली. इतक्या लांब पल्ल्यांत एखाद्या दिवसाची चमक उपयोगी पडत नाहीं. दुखापती, प्रवास व पराभव सोसून पुनः उभें राहणें ही खरी परीक्षा.

सुरुवात वाईटच झाली. बालेवाडीस दिल्लीनें पुण्यास ३-२ असें हरविलें. परंतु पुढच्याच सामन्यांत, कलकत्त्यास, आदल्या वर्षीच्या विजेत्या संघास त्याच्याच घरीं पुण्यानें ४-१ अशी धूळ चारिली. रांको पोपोविच हे सर्बियाचे गृहस्थ संघाचे शिक्षक होते. आघाडीस ब्राझीलचा मार्सेलिन्यो व उरुग्वायचा एमिलियानो आल्फारो. साखळींत पुण्यानें ३० गोल केले. त्यांपैकीं आल्फारोचे ९ व मार्सेलिन्योचे ८. अर्ध्याहून अधिक भार दोघांच्या खांद्यांवर होता, हें संघाचें बळ खरें, पण आमच्या मतें दुबळेपणाही तोच. तथापि आम्हांस अधिक कौतुक वाटतें तें तरुण मुलांचें. गोलरक्षक विशाल कैथ हा हिमाचलाचा. आणि मलप्पुरमचा आशिक कुरुनियन हा तर पुण्यांतच तयार झालेला. 'पुणे एफ. सी.' नांवाचा एक जुना संघ २००७ साली निघाला होता, तो २०१२-१३ च्या आय-लीगमध्यें दुसरा आला व २०१५ नंतर बंद पडला. त्या संघाच्या तालमींत आशिक वाढला.

अठरा सामन्यांअंती पुण्याचे ९ विजय, ३ बरोबऱ्या व ६ पराभव, म्हणजे ३० गुण. गोव्याचेही तितकेच, पण गोवा तिसरा व पुणें चौथें ठरलें. उपांत्य फेरींत गांठ पडली ती ४० गुण मिळवून अग्रस्थानीं असलेल्या बंगळूरशीं. ७ मार्च २०१८ रोजीं बालेवाडीस दोन्ही बाजूंस शून्य. ११ मार्चला बंगळुरांत सुनील छेत्रीनें एकट्यानें तीन गोल केले. ८२ व्या मिनिटास जोनातान लुकानें एक फेडिला तेव्हां धुगधुगी आली होती, परंतु शेवटच्या क्षणीं छेत्रीचा तिसरा गोल झाला व पुण्याचा हंगाम संपला.

इतक्या चांगल्या वर्षानंतर संघ फोफावेल, असें कोणासही वाटलें असतें. पुढल्या वर्षीं तो सातवा आला, आणि २०१९ मध्यें आर्थिक अडचणींमुळें बंदच झाला. त्याची जागा हैदराबादेच्या नव्या संघास मिळाली. त्या संघानें २०२१-२२ ची स्पर्धा जिंकिली. पुढें २०२५ मध्यें तोही तेथून उठून दिल्लीस गेला.

असें कां व्हावें? येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. माळेगांवचा सहकारी साखरकारखाना कोणी एका रात्रींत उचलून दुसऱ्या जिल्ह्यांत नेऊं शकत नाहीं, कारण भोंवतालचे शेतकरीच त्याचे सभासद. जत्रेंतील कुस्त्यांचा फड गांवच्या वर्गणीवर उभा राहतो. पहिलवान बाहेरचे असले तरी फड गांवाचाच. परंतु सुपर लीगमध्यें संघ उतरविण्याचा हक्क हा मालक व स्पर्धाचालक यांच्यामधील करार होय. पुणेकर प्रेक्षक टाळ्या वाजवीत, तिकिटें घेत. त्या करारावर त्यांची सही नव्हती.

दूर कोरियांत असेंच घडलें. सेऊलजवळच्या आन्यांग नगरींतील संघ २००४ साली राजधानींत नेण्यांत आला. आन्यांगचे लोक नऊ वर्षें आपल्या नगरीच्या संघावांचून राहिले. परंतु ते गप्प बसले नाहींत. २०१३ मध्यें नगरपालिकेच्या आश्रयानें नवा संघ निघाला, तोही खालच्या श्रेणींत. २०२४ मध्यें त्यानें ती श्रेणी जिंकिली, आणि २०२५ च्या हंगामांत वरच्या श्रेणींत तो त्याच सेऊलच्या संघासमोर उभा राहिला.

हें सारें त्या विद्यार्थ्यास दुसऱ्या दिवशीं सांगितलें. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, म्हणजे त्यांना एकवीस वर्षें लागलीं." आम्ही म्हणालों, "होय, एकवीस."