पिंजऱ्याकडून खंदकाकडे

मंडळी, आमच्या सणसवाडीच्या शाळेची सहल मागे पुण्याला कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेली होती. मास्तरांच्या मदतीला मीही गेलो होतो. त्या ठिकाणी मी वर्षातून तीन-चार वेळा तरी जातोच, त्यामुळे वाटाड्या म्हणून माझी निवड झाली. दिवसभर पायपीट करून मुले गाडीत बसली आणि गाडीने नगर रस्ता धरला तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “सर, वाघ कुठं दिसला? नुसती शेपटी दिसली!” दुसरा म्हणाला, “मोबाईलवर याच्यापेक्षा झ्याक दिसतो.” सगळी गाडी हसली. मीही हसलो. पण त्या मुलाची तक्रार काही खोटी नव्हती. वाघ पाहायला म्हणून तो तिकीट काढून गेला आणि वाघाने त्याला पाठ दाखवली. मग या प्राणिसंग्रहालयाचा उपयोग तरी काय, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. त्या प्रश्नाविषयीच आज तुमच्याशी बोलावयाचे आहे.

माझ्या लहानपणी वाघ दिसत नाही अशी तक्रार कुणी केली नसती. १९८८च्या सुमाराला वडिलांचे बोट धरून मी प्रथम पेशवे पार्कात गेलो. पर्वतीच्या पायथ्याशी, सारसबागेला लागून असलेली ती बाग तुमच्यापैकी चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना आठवत असेल. पुणे महानगरपालिकेने १९५३ साली ती सुरू केली. गंमत अशी की पुण्याचे आकाशवाणी केंद्रही त्याच वर्षीचे. पुढे १९५६ साली तिथे ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी आली आणि खेड्यापाड्यांतून येणाऱ्या पोरांना पुण्यात दोनच गोष्टी महत्त्वाच्या वाटू लागल्या : फुलराणी आणि वाघ.

तो वाघ कसा दिसे, ते सांगतो. लोखंडी गजांचा पिंजरा, खाली फरशी, आणि कठड्यापासून वाघापर्यंतचे अंतर इतके कमी की त्याच्या अंगाचा उग्र वास नाकात शिरे. वाघ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाई, वळे, परत येई. पुन्हा जाई, पुन्हा वळे. वळताना पाऊल दर वेळी त्याच जागी पडे. आम्हां मुलांना वाटे, वाघ रागावला आहे, आता झेप घेणार! आम्ही टाळ्या वाजवीत असू, कुणी शेंगा फेकी, कुणी गजांवर काठी फिरवी. वडीलधारे हसत. आज हे आठवले की लाज वाटते, पण त्या काळी त्यात काही गैर आहे असे कुणाच्या गावीही नव्हते.

पुण्याला ही हौस तशी फार जुनी. सवाई माधवरावांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशीच होता. त्यातल्या गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट नावाच्या मराठी चित्रकाराने १७९० साली काढले. ते चित्र आज दूर अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. शिकारखाना असो की पेशवे पार्क, कल्पना एकच : दुर्मिळ जनावर आणावे, कोंडावे आणि लोकांनी ते जवळून पाहावे. मुंबईची राणीची बागही जुनीच, १८६२ सालची.

आता त्या वाघाच्या येरझाऱ्यांकडे वळू. तो वाघ रागावलेला नव्हता. रानातल्या वाघाचा मुलूख कित्येक चौरस किलोमीटरांचा असतो. भक्ष्य शोधणे, दबा धरणे, हद्दीवर खुणा करीत फिरणे हाच त्याचा दिवसभराचा उद्योग. ते सारे काढून घेतले आणि मांस आयते पुढ्यात टाकले, तर पोट भरते, पण अंगातला उद्योग जात नाही. मग तो त्याच त्या हालचाली करू लागतो. हत्ती झुलत राहतो, अस्वल मान फिरवीत राहते, माकड स्वतःचे केस उपटते. गोठ्यात सदा बांधून ठेवलेले जनावर दावे चघळीत राहते, हे तुम्ही पाहिले असेलच. तसाच हा प्रकार. प्राण्यांचे अभ्यासक याला कोंडमाऱ्याचे लक्षण मानतात.

गज काढून टाकता येतात, हे जगाला प्रथम दाखविले कार्ल हागेनबेक या जर्मन गृहस्थाने. हा मूळचा जनावरांचा व्यापारी. १९०७ साली हॅम्बुर्गजवळ त्याने असे संग्रहालय उघडले की प्राणी आणि प्रेक्षक यांच्यामध्ये गजांऐवजी खंदक. सिंह किती लांब उडी मारतो याचा अंदाज घ्यायचा आणि त्याहून रुंद खंदक खणायचा. आपल्याकडे हा विचार रुजायला बराच काळ गेला. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा पुढे दुरुस्त झाला आणि १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. कोणत्या प्राण्याला किती जागा हवी, पशुवैद्य हवा की नको, हे नियमाने ठरू लागले. पेशवे पार्काची जागा शहराच्या मध्यात अडकलेली, वाढायला वाव नाही. तेव्हा शहराबाहेर कात्रजला नवी जागा झाली.

कात्रजला १९८६ सालापासून सर्पोद्यान होतेच. नीलिमकुमार खैरे यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडलेले आहे. त्याला लागून १९९९ साली राजीव गांधी प्राणिसंग्रहालय लोकांना खुले झाले. एकूण जागा सुमारे १३० एकर, त्यात ४२ एकरांचा तर तलावच आहे. पेशवे पार्कातले प्राणी हळूहळू इकडे आले आणि २००५च्या सुमारास तिथले प्राणिसंग्रहालय बंद झाले. त्या जागी आता ऊर्जा उद्यान आहे.

कात्रजला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा, खरे सांगायचे तर, मीही त्या मुलासारखाच हिरमुसलो होतो. इतके चालायचे, आणि झाडी, गवत, मध्ये खंदक. पलीकडे एखाद्या सावलीत काही पिवळे पडले आहे, तो वाघ असावा अशी समजूत करून घ्यायची! पण वर्षानुवर्षे जात राहिलो तशी एक गोष्ट ध्यानात आली. इथे प्राण्याला आपल्यापासून लपण्याची सोय आहे. झुडपामागे जाता येते, पाण्यात बसता येते, पाठ फिरवता येते. त्या मुलाला वाघाची शेपटीच दिसली याचा अर्थ वाघाला तोंड फिरविण्याइतकी जागा मिळाली. आणि बुधवारी संग्रहालय बंद असते, म्हणजे आठवड्यातला एक दिवस आपल्या सगळ्यांच्या आरडाओरड्यापासूनही सुटका.

म्हणून सगळे आलबेल आहे असे मात्र समजू नका. रविवारची गर्दी पाहून अनेकदा मन विटते. कठड्यावर पोराला उभे करून छायाचित्र काढणारे बाप मी पाहिले आहेत. खंदक रुंद झाला, पण पलीकडच्या जनावराला हाक मारून उठविण्याची आपली खोड काही गेलेली नाही.

शेतकरी मंडळींना अधिक जवळची वाटेल अशी एक हकीकत सांगतो. २०२५च्या जुलैत कात्रजला थोड्याच दिवसांत पंधरा-सोळा चितळ दगावले. नमुने तपासणीला गेले आणि रोग निघाला आपल्या ओळखीचा : लाळ्या-खुरकूत! बैल लाळ गाळू लागला, खुरांच्या बेचक्यात फोड आले, वैरण तोडीनासा झाला की तुम्ही काय समजायचे ते समजता. हा रोग दुभंगलेल्या खुरांच्या सर्वच जनावरांना होतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, तसाच चितळ आणि सांबर. त्याचा विषाणू वैरणीवरून, भांड्यांवरून, वाऱ्यावरून, इतकेच काय, माणसाच्या पायताणावरूनही जातो. माणसाला सहसा काही होत नाही, पण माणूस तो वाहून नेतो.

बैलाला खोड्यात घालून सुई टोचता येते. चितळाला कसे धरणार? ते भेदरट जनावर. धरपकड केली तर भीतीनेच दगावते. म्हणून अशा प्राण्यांना वाचविण्याचा एक उपाय कुंपणाच्या बाहेर असतो, तो म्हणजे आसपासच्या गाईगुरांना वेळेवर लस देणे. केंद्र सरकारचा लाळ्या-खुरकुताचा मोठा लसीकरण कार्यक्रम २०१९ पासून चालू आहे. “आमच्या गाईला काही झालेलं नाही, कशाला टोचता? दूध आटतं,” असे म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. दूध दोन दिवस कमी होईलही. पण ती सुई एकट्या तुमच्या गाईसाठी नसते. आणि ज्याच्या गोठ्यात रोग आहे त्याने त्या दिवसांत कृपा करून हरणे पाहायला जाऊ नये.

आता शेवटचा मुद्दा, आणि आपल्या भागात तो जिवावरचा आहे. बिबट्या. शिरूर, जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांत उसात बिबटे राहतात, तिथेच वितात. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. त्या घरांचे दुःख शब्दांत सांगण्यासारखे नाही. तेव्हापासून मी कात्रजला जातो असे कळले की पारावर मला हमखास विचारतात, “सर, एवढं मोठं प्राणिसंग्रहालय आहे, मग सगळे बिबटे धरून तिकडंच का नेत नाहीत?”

प्रश्न रास्त आहे. हिशेब मांडून पाहू. एका बिबट्याला दिवसाला तीन-एक किलो मांस धरा. आठवड्यातून एक दिवस मांसाहारी प्राण्यांना उपास घालण्याची पद्धत आहे, तो दिवस वजा करा. तरी वर्षाला नऊशे-साडेनऊशे किलो होतात. कोंडलेला बिबट्या वीस वर्षेही जगू शकतो. त्याला स्वतंत्र खोली हवी, फिरायला आवार हवे, रखवालदार हवा, वैद्य हवा. असे किती ठेवणार? जुन्नरजवळ माणिकडोहला वन विभागाचे बिबट्या निवारा केंद्र आहे. तिथे असे कायमचे मुक्कामी बिबटे आहेत, पण तिथल्या जागेलाही मर्यादा आहेच.

“मग दूर जंगलात नेऊन सोडा,” हा दुसरा सल्ला. तो अमलात आणून झालेला आहे. जुन्नर भागात २००१ नंतर बरेच बिबटे धरून दुसरीकडे सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. माणसांवरचे हल्ले, जे आधी वर्षाला सरासरी चार होते, ते त्या काळात सतरावर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते, घराकडे परतू पाहते, आणि रिकाम्या झालेल्या उसात दुसरा बिबट्या येऊन राहतो. माणसावर हल्ला करणारे जनावर धरलेच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण दिसेल तो बिबट्या धरून कात्रजला पाठवणे हा उपाय होऊ शकत नाही.

खुद्द कात्रजला २०२४च्या मार्चमध्ये एक बिबट्या पिंजऱ्यातून निसटला होता. सगळी माणसे शोधीत होती आणि तो आवारातच दडून बसला होता. दुसऱ्या दिवशी रात्री सापडला. कुंपण घातलेल्या, ओळखीच्या जागेत ही कथा, तर शंभर एकर उसात काय होत असेल! म्हणून संध्याकाळी पोरांना एकटे न सोडणे, शेळ्यांना पक्का बंदिस्त गोठा करणे, घराभोवतीची उकिरड्यावरची कुत्री कमी करणे, ही कामे आपल्यालाच करावी लागतील.

गुरुजनांना एक सुचवतो. सगळे प्राणी एका दिवसात उरकण्याचा आग्रह सोडा. पुढच्या सहलीला आम्ही मुलांच्या टोळ्या केल्या आणि एकेका टोळीला एकाच प्राण्यासमोर अर्धा तास बसविले. हातात वही-पेन्सिल, बोलायचे नाही, दिसेल ते लिहायचे. पहिली दहा मिनिटे चुळबुळ झाली. नंतर मुली सांबराचे कान मोजू लागल्या, म्हणजे कोणता कान केव्हा कोणीकडे वळतो ते. शेपटीवरून रुसलेला तो मुलगा वाघासमोर होता. त्याने लिहिले होते : “वाघ झोपला आहे. पोट हालते. एक कान जागा आहे.”

सकाळी दार उघडताच पोहोचा, तेव्हा ऊन कमी आणि प्राणी हिंडते असतात. खाऊ बाहेरच संपवून घ्या. आणि बुधवार सोडून कोणताही वार धरा, रविवार शक्यतो नको.