सागालाही वाळवी लागते

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंच्या दाराची चौकट उतरवली. सहा वर्षांपूर्वी ‘एक नंबर सागवान’ म्हणून घेतलेली. वरचं पॉलिश शाबूत, पण कडेला पेचकस टेकवला तर दोन बोटं आत गेला. आत नुसती माती. तोच पेचकस तपकिरी लाकडापाशी मात्र अडला. तिथे साधा ओरखडाही उमटेना. काकू म्हणत राहिल्या, “पण सागाला वाळवी लागत नाही ना रे?”

लागते. हे मी वर्षानुवर्षं सांगतोय आणि तरीही प्रत्येक नव्या घराच्या वेळी तेच वाक्य ऐकतोय.

वाळवी सहन करतो तो सागाचा तपकिरी गाभा. त्याभोवती, सालीलगत, फिकट पांढुरका थर असतो. जिवंत झाडात पाणी वर नेणारा हाच थर, आणि पिष्टही यातच साठतं. थरातल्या पेशी मरून त्याचा गाभा होतो, तेव्हा त्यात टेक्टोक्विनोनसारखी रसायनं तयार होतात. वाळवी दूर राहते ती त्यांच्यामुळे. पांढऱ्या भागाला हे संरक्षण नसतं. कुठल्याच झाडाचा पांढरा भाग टिकाऊ धरत नाहीत आणि सागही त्याला अपवाद नाही.

कुणी म्हणेल, साग तर सरकारी वर्गवारीत पहिल्या वर्गात आहे. आहेच. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेच्या पद्धतीत ६० सेंटिमीटर लांब आणि ५ बाय ५ सेंटिमीटर जाड तुकडे जमिनीत पुरून ठेवतात. सरासरी १२० महिने किंवा जास्त टिकले तर पहिला वर्ग. पण ते तुकडे गाभ्याचे असतात! प्रमाणपत्र गाभ्याला मिळालंय, वखारीतल्या प्रत्येक फळीला नाही.

कोवळ्या झाडात पांढऱ्याचं प्रमाण जास्त असतं. लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात म्हणून हा पांढरा भाग हमखास सापडतो, आणि घनफुटाच्या भावात त्याचेही पैसे आपण गाभ्याच्या दराने मोजतो. रंग चढवलेल्या फळीत तो दिसतही नाही. पांढरं लाकूड फेकून द्या असं मी म्हणत नाही. ते औषध गाभ्यापेक्षा चांगलं शोषतं. बोरॅक्स-बोरिकच्या द्रावणात नीट मुरवलं तर घरातल्या कोरड्या जागी खुशाल वापरावं. चौकटीत मात्र नको.

बाकीचे समज थोडक्यात. जड फळी चांगली? ओली फळीही जडच लागते. वखारीत वर्षभर पडलेलं लाकूड वाळलेलंच असतं? जाड ओंडक्याच्या आत ओल राहते. ओलावा मीटरने मोजा. एकदा वाळलं की लाकूड हलत नाही? नागपुरात उन्हाळ्यात नेमकं बसवलेलं दार रत्नागिरीच्या पावसाळ्यात फुगेल. गाठ म्हणजे रद्दी? घट्ट, जिवंत गाठ चालते; काळी, सुटलेली नको. ‘एमआर’ प्लाय पाण्याला दाद देत नाही? तो फक्त दमटपणा सोसतो, सिंकखाली ‘आयएस ७१०’ शिक्क्याचा प्लाय बघा.

काकूंच्या नव्या चौकटीसाठी आम्ही वखारीत गेलो. पहिल्याच फळीचं टोक ताजं कापून घेतलं आणि कडेवरून रंधा मारायला लावला. गडद रंगाखाली अंगठ्याएवढी पांढरी पट्टी निघाली. ती फळी आम्ही तिथेच परत ठेवली. चौथ्या फळीत चारही कडा तपकिरी लागल्या, ती घेतली.